भाता नसलेली पेटी

नव्या मुंबईत सध्या पियानोची साथ आली आहे. साथ म्हणजे तबल्याची नव्हे, डासांमुळे येते ती. संध्याकाळी सहाच्या सुमारास नेरूळच्या आमच्या सोसायटीचा जिना चढायला लागलात, तर पहिल्या मजल्यावर वाढदिवसाचं गाणं ऐकू येतं, दुसऱ्या मजल्यावर तेच गाणं तिसऱ्या सुरावर अडकलेलं ऐकू येतं आणि तिसऱ्या मजल्यावर 'एवढे पैसे घातलेत, आता बस आणि वाजव' हा ठेका ऐकू येतो. हा शेवटचा ठेका सगळ्याच मजल्यांवर चालतो. त्याला शिकवणी लावावी लागत नाही.

साथीचा उगम शोधायला फार लांब जायला नको. आमच्या नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. तिथे २०१७ साली जस्टिन बीबर येऊन गेला, २०१९ साली यू-टू नावाची मंडळी येऊन गेली. दोन्ही वेळा आम्ही बचावलो. जानेवारी २०२५ मध्ये मात्र कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला, आणि त्यांचा मुख्य गवई पडला पियानोवर बसून गाणारा. गिटार घेतलेल्या पोराकडे बघून मध्यमवर्गीय आईला फक्त 'केस काप' एवढंच सुचतं. पियानोवर बसलेल्याकडे बघून तिला वाटतं, हा अभ्यासातही बरा असणार. तिकिटं न मिळालेल्यांनी गच्चीवर सतरंज्या टाकल्या, आणि सतरंज्या गुंडाळून खाली येईपर्यंत निम्म्या सोसायटीचा निर्णय झालेला होता.

साथ आली की वैदूही येतातच. दुकानदार, मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे तज्ज्ञ, कोणाचा तरी आतेभाऊ. त्यांत मीही एक. मी गेली चाळीस वर्षं पेटी वाजवतो. पेटीवाल्याला पियानोतलं कळतं, हे म्हणजे सायकलवाल्याला विमानातलं कळतं म्हणण्यासारखं आहे; पण कळतं असं समजून कोणी विचारायला आलं, तर गप्प बसण्याइतका मी संयमी नाही. शिवाय माझा भाचा खारघरला राहतो आणि रात्ररात्र कॉम्प्युटरवर संगीत रचत बसतो. त्याच्या शेजारी बसून मी बरंच ऐकलंय, बरंच विचारलंय. 'मामा, आता झोपा,' असं तो म्हणेपर्यंत विचारलंय.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पान उलटण्याची तसदी नको. पियानो शिकणं हे एक काम आणि कॉम्प्युटरवर संगीत रचणं हे दुसरं काम. पहिल्यासाठी एका गोष्टीवर पैसे घालावेच लागतात. दुसऱ्यासाठी सुरुवातीला एक पैसा घालू नये. आणि आपण काय करतो, तर पियानोच्या बाबतीत कंजूषपणा आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत उधळपट्टी. नाहीतर दोन्ही कामं एकाच खोक्यात कोंबणारं एखादं यंत्र आणून दोन्हींचा एकदम निकाल लावतो.

याचं मूळ आपल्या टू-इन-वनमध्ये आहे. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवत असेल, रेडिओ आणि कॅसेट एकाच डबड्यात आले तेव्हा आपण धन्य झालो होतो. तेव्हापासून एका पैशात दोन वस्तू न मिळाल्या तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. सोफा घ्यायचा तर तो रात्री पलंग झाला पाहिजे. मिक्सर घ्यायचा तर त्यानं रसही काढला पाहिजे, मग घरात कोणी रस पीत नसलं तरी चालेल. या वृत्तीनं माणूस वाद्याच्या दुकानात शिरला की त्याचं काय होतं ते मी माझ्या साडूंच्या बरोबर जाऊन पाहिलंय.

साडूंना मुलीसाठी पियानो हवा होता. दुकानातल्या पोरानं एक ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुढे ठेवला. "सर, यात सहाशे आवाज आहेत. व्हायोलिन, बासरी, सतार, हेलिकॉप्टर."

"हेलिकॉप्टर?" साडूंचे डोळे चमकले.

"आणि दोनशे ताल. शिवाय हे बघा." त्यानं डेमो असं लिहिलेलं एक बटण दाबलं आणि हात मागे घेतले. कीबोर्ड आपला आपण वाजायला लागला. ढोल, ताशे, तुताऱ्या, अख्खा वाद्यवृंद. साडू भारावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वाजवायलाच नको!"

मी म्हटलं, "मुलीला पियानो शिकायचाय ना? मग हेलिकॉप्टर काय करायचंय?"

"असू दे हो. पुढेमागे लागलं तर!"

हे 'पुढेमागे' फार घातक आहे. आपल्या माळ्यावर जेवढं सामान पडलंय, ते सगळं पुढेमागे लागणारं आहे.

आता त्या सहाशे आवाजांत काय नव्हतं, ते सांगतो. इथे थोडं खोलात जावं लागेल, पण विषयाचा गाभाच तो आहे. आपल्या पेटीची पट्टी तुम्ही हळू दाबा, जोरात दाबा, बुक्की मारा, सूर तेवढ्याच आवाजात येतो. आवाज लहानमोठा करतो तो भाता. म्हणजे पेटीत जीव असतो डाव्या हातात, आणि उजवा हात नुसता पत्ता सांगतो. पियानोत भाता नाही. तिथे पट्टी दाबली की आतली नमद्यानं मढवलेली हातोडी तारेवर जाऊन आपटते आणि परत येते. बोट हळू उतरलं तर हातोडी हळू, बोट वेगानं उतरलं तर हातोडी वेगानं. इटलीत फ्लॉरेन्सला १७००च्या आसपास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं ही युक्ती काढली आणि वाद्याला नावच पडलं हळू-मोठं, म्हणजे पियानो-फोर्ते. पुढे लोकांनी आळसानं त्यातलं 'मोठं' गाळलं. सांगायचा मुद्दा, पियानो म्हणजे पियानोचा आवाज नव्हे. पियानो म्हणजे ती हातोडी आणि तिचं बोटाला लागणारं वजन. ते वजन सगळीकडे सारखंही नसतं. डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या जड, उजवीकडच्या तार सप्तकातल्या हलक्या. शिकायचं असतं ते बोटांनी हे वजन तोलणं.

साडूंनी घेतला त्या कीबोर्डाच्या पट्ट्या कॅलक्युलेटरच्या बटणासारख्या होत्या. खाली स्प्रिंग. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज एकच. म्हणजे झाली काय ती? पेटीच झाली. फरक एवढाच की पेटीला भाता तरी असतो. भाता नसलेली पेटी विकत घेऊन मुलीला 'पियानो शीक' म्हणणं म्हणजे पाण्याशिवायच्या टाकीत पोहायला सोडण्यासारखं आहे. हात मारता येतात, नाही असं नाही.

साडू हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "अहो, सुरुवातीला सगळं सारखंच. परीक्षा पास झाली की बघू मोठा." परीक्षेचंच सांगतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना आपल्याकडची हजारो मुलं बसतात. त्या ट्रिनिटीनं पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय ठेवलेत. अभ्यासक्रम वेगळे, पुस्तकं वेगळी. कीबोर्डात यंत्राचा ताल लावून, आवाज बदलत वाजवायचं असतं; तीही एक विद्या आहे आणि ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरणाऱ्या कित्येकांनी ती कमावलेली आहे. मी तिला नावं ठेवत नाही. ज्याला लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत वाजवायचंय त्यानं ६१ पट्ट्यांचाच कीबोर्ड घ्यावा, आणि हेलिकॉप्टरही वाजवावं. माझं भांडण आहे ते पियानोच्या शिकवणीला नाव घालून कीबोर्ड आणणाऱ्यांशी. संस्कृतच्या परीक्षेला हिंदीचं पुस्तक चालेल का, लिपी तर एकच आहे, असं विचारणाऱ्यांपैकी ही माणसं.

मग घ्यायचं काय? ८८ पट्ट्यांचा, हातोडीचं वजन असलेला डिजिटल पियानो. बस. आवाज दहा असले तरी चालतील, एक असला तरी चालेल. नवा घेतला तर सुरुवातीचे बरे पियानो ४०-५० हजारांच्या घरात येतात. सोबत एक पेडल. ते पायाखालून पळणारं बटण नको, पियानोच्या पेडलासारखं हवं. एक हेडफोन. आणि खुर्ची अशी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. या शेवटच्या गोष्टीवर कोणीच पैसे खर्च करत नाही. पन्नास हजारांचा पियानो डायनिंग टेबलावर चढवून मुलाला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवतात आणि मग 'याचे खांदे का दुखतात' म्हणून डॉक्टरला पाचशे रुपये देतात. दुकानदार तुम्हाला 'पॉलिफनी किती?' असं विचारून घाबरवील. पेडल दाबून ठेवल्यावर एका वेळी किती सूर घुमू शकतात त्याचा तो आकडा. ६४ असला तरी नवशिक्याला पुरून उरतो. तुम्हाला बोटं दहाच आहेत हे त्याला सांगा.

'मग खराच पियानो का नको?' असं विचारणारेही भेटतात. सी-वूड्सच्या बाजूच्या एका नव्या टॉवरात मी एक खरा उभा पियानो पाहिला. सव्वादोनशे-अडीचशे किलोंचा ऐवज. आत सुमारे २३० तारा, त्या वर्षातून निदान दोनदा सुरात लावून घ्याव्या लागतात, आणि खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात लाकूड आणि नमदे फुगून पट्ट्या खाली गेल्या की वर यायला तयार होत नाहीत. त्या घरात तो प्रश्न उद्भवलेला नव्हता, कारण पियानोचं झाकण उघडल्याच्या खुणा नव्हत्या. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, त्याशेजारी गणपती आणि चिरंजीवांचा पदवीदानाचा फोटो. ज्यांच्याकडे जागा आहे, पैसा आहे आणि सूर लावणारा माणूस वेळेवर येतो त्यांनी खरा पियानो जरूर घ्यावा. त्याची सर कशालाच नाही. पण शोकेस स्वस्तात मिळते, हेही ध्यानात ठेवावं.

ज्यांच्या घरी पेटी आहे ते विचारतात, 'सुरुवात पेटीवर केली तर?' मला हा प्रश्न प्रिय आहे आणि म्हणूनच खरं उत्तर द्यायला जड जातं. पेटीनं कान तयार होतो. काळी-पांढरीचा भूगोल पाठ होतो. पण आपण पेटीवाले म्हणजे एकहाती माणसं. डावा हात जन्मभर वारा घालत आलेला. पियानोवर त्याला एकदम सांगायचं की उद्यापासून तूही वाजवायचंस, तेही उजव्यापेक्षा वेगळं, तर ते शिपायाला निवृत्तीच्या आदल्या वर्षी हेडक्लार्क करण्यासारखं आहे. त्याला काहीच कळत नाही आणि तो सगळ्यांवर रागावतो.

आता दुसरं काम. कॉम्प्युटरवरचं संगीत.

आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मुलासाठी २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड मागवला. घरी येऊन वायर लावली, दिवे लागले, पट्ट्या दाबल्या. आवाज नाही. त्यांनी तो तीनदा परत पाठवला. दुकानातून तिन्ही वेळा नवा नग आला आणि तिन्ही नग मुके निघाले. चौथ्या वेळी माझ्या भाच्यानं त्यांना सांगितलं, की काका, हा मुकाच असतो. मिडी ही भाषा आहे, आवाज नव्हे. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ साली ती ठरली, आणि जपान-अमेरिकेतल्या स्पर्धक कंपन्यांनी ती एकमतानं मान्य केली. आमच्या सोसायटीत पाण्याच्या वेळेवरही एवढं एकमत झालेलं नाही. कीबोर्ड कॉम्प्युटरला एवढंच कळवतो: अमुक पट्टी दाबली, इतक्या वेगानं दाबली, आता सोडली. वेगाचे आकडे शून्य ते १२७. पुढचा आवाज काढायचा तो कॉम्प्युटरनं. तारमास्तर आणि तारेतली बातमी यांत जो फरक, तोच.

त्या गृहस्थांनी मग विचारलं, "यावर पियानो शिकता येईल का?" पंचवीस पट्ट्या म्हणजे दोन सप्तकं. दोन हात त्यावर ठेवले की हार्बर लाइनच्या बाकड्यावरच्या चौथ्या सीटसारखी अवस्था होते. बसलाय म्हणायचं, पण टेकलेला कोणीच नाही. उलट मात्र होतं. डिजिटल पियानोला यूएसबीची जागा असते. तिथून एक वायर कॉम्प्युटरला लावली की तो पियानोच मिडी कीबोर्डाचं काम करतो. तेव्हा टू-इन-वनचा हट्ट असलाच तर तो असा पुरवावा. आधी पियानो, मग वायर.

आणि ज्याला पियानो शिकायचाच नाही, नुसतं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय, त्यानं सुरुवातीला कीबोर्डही घेऊ नये. कॉम्प्युटरच्या टंकनाच्या बटणांवर सूर वाजवता येतात, उंदरानं एकेक सूर पाटीवर मांडता येतो. अॅपलचं यंत्र किंवा फोन घरात असेल तर त्यावर गॅरेजबँड फुकट आहे. नसेल तर एलएमएमएस फुकट आहे. रीपर नावाचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघायला देतात आणि नंतर घरगुती परवान्याचे साठ डॉलर मागतात. बेल्जियममधून आलेलं एफएल स्टुडिओ तरुणांचं लाडकं. त्याच्या बिनपैशाच्या आवृत्तीत काम करता येतं, साठवता येतं, फक्त साठवलेलं पुन्हा उघडता येत नाही. (ही अट ज्यानं शोधली तो पूर्वी नक्की सरकारी रेकॉर्ड रूममध्ये असणार.) एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती कित्येक मिडी कीबोर्डांबरोबर मोफत येते. यांतलं कुठलं उत्तम, यावर ही मुलं भांडतात तशी आमच्या पिढीत किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांवरून भांडायचे. भाचा म्हणतो, सगळ्यांत काम एकच होतं. मांडणी, कापणी, जोडणी. एक घ्यावं आणि त्यात एक गाणं शेवटापर्यंत पुरं करावं. नवशिक्यांच्या कॉम्प्युटरांत आठ सेकंदांची चारशे गाणी असतात. पुरं एकही नसतं.

इथे एक तिसऱ्या जातीचा सल्लागार उगवतो. "काका, तीस हजारांचं सॉफ्टवेअर आहे, मी फुकटात टाकून देतो." म्हणजे चोरीचं. गंमत बघा, बसमध्ये कंडक्टरनं दोन रुपये जास्त परत दिले तर स्टॉपवरून पळत जाऊन परत करणारा आपला माणूस इथे मात्र 'द्या टाकून' म्हणतो. त्याच्याबरोबर काय काय किडे कॉम्प्युटरात येतात ते बँकेचं खातं रिकामं झालं की कळतं. ती गोष्ट सोडली तरी, ज्याला एक सूर धड मांडता येत नाही त्याला तीस हजारांची हत्यारं कशाला? माळ्यावरच ठेवायची ना पुढेमागे?

एका बाबतीत मात्र पैसे घाला: वायरचा हेडफोन. ब्लूटूथचा नको. ब्लूटूथमध्ये बोट पडतं आता आणि सूर ऐकू येतो सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उलटल्यावर. बोलणं ऐकायला चालतं, वाजवायला नाही. नेरूळ स्टेशनवर गाडी सुटल्यावर तिची घोषणा ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

आमच्या साडूंनी मागे मला कोंडीत पकडण्यासाठी एक नाव काढलं. "ते चरणजीत सिंग! त्यांनी यंत्रावरच केलं ना?" नाव त्यांनी चांगलं काढलं होतं. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं गिटार आणि बेस वाजवलेले हे गृहस्थ. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, पुढे घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, फारशी खपली नाही. त्यातली टीबी-३०३ ही डबी एकट्यानं रियाझ करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेली. तीही खपेना, म्हणून १९८४ साली कंपनीनं ती बंदच केली. पुढे शिकागोच्या पोरांनी अडगळीच्या भावातल्या त्याच डबीवर १९८७ मध्ये नवीनच नाचाचं संगीत काढलं, त्याला अॅसिड हाउस म्हणतात. आणि २०१० साली चरणजीत सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चाट पडलं, की हा माणूस मुंबईत बसून पाच वर्षं आधी तेच वाजवत होता!

"बघा!" साडू म्हणाले.

बघितलं. यंत्रं नवी होती, बोटं जुनी होती. तीन यंत्रं आणि दहा राग. राग त्यांना दुकानातून मिळाले नव्हते. आपण आणतो दहा यंत्रं, आणि रागाचं म्हणाल तर तो फक्त पोरगं वाजवत नाही म्हणून येतो.

आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्यावरून वाद घालण्याची परंपरा जुनी आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. मींड येत नाही, श्रुती बसत नाहीत, वाद्य परदेशी. सगळे आक्षेप शास्त्राला धरून होते. बंदी १९७१ पर्यंत टिकली आणि उठली तीही सवलतीसवलतीनं. म्हणजे सुमारे तीस वर्षं वाद्य योग्य की अयोग्य यावर विचारविनिमय चालला. तोपर्यंत गोविंदराव टेंब्यांपासून पी. मधुकरांपर्यंत आपल्या पेटीवाल्यांनी काय केलं? वाजवली. गोव्यातली गोष्ट तशीच. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत पोरांना सूरलिपी आणि वाद्यं शिकवत, चर्चमध्ये असेल त्या ऑर्गनवर. त्यांतली मुलं पुढे मुंबईत येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. कुठलं मॉडेल, किती पॉलिफनी, हे पाद्र्याला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी विनोदानं सांगतोय खरा, पण आमच्या जिन्यातला तो 'एवढे पैसे घातलेत'वाला ठेका ऐकला की माझा विनोद जिरतो. दहा वर्षांचं पोरगं. त्याला एका संध्याकाळी एक गाणं वाजवावंसं वाटलं. त्याच्या या वाटण्यावर आपण पन्नास हजारांचं कर्ज चढवतो आणि हप्ते त्याच्याकडून वसूल करतो, रोज अर्धा तास. पाहुणे आले की व्याज. मूल वाद्यापासून पळतं ते कंटाळ्यानं नव्हे, देणेकऱ्यासारखं पळतं. म्हणून लहान मुलाच्या बाबतीत माझा सल्ला साडूंना पटत नाही: नवा घेऊच नका. जुना घ्या, भाड्यानं मिळाला तर भाड्यानं घ्या, आणि किंमत मुलाला कळू देऊ नका. पट्ट्यांचं वजन खरं हवं. त्याच्या डोक्यावर वजन नको.

जुने पियानो नव्या मुंबईत मुबलक आहेत. साथ ओसरली की विक्रीला निघतात. 'फारसा वापरलेला नाही' असं जाहिरातीत अभिमानानं लिहिलेलं असतं.

असाच एक आमच्या चौथ्या मजल्यावर आला. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात, वय चौसष्ट. एक दिवस आल्या आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "भाऊ, मला पियानो शिकायचाय. हसायचं नाही." मुलाला विचारलं तर तो म्हणाला होता, "आई, या वयात? आधी एखादा स्वस्तातला कीबोर्ड घे. टिकलं तर बघू." म्हणजे ज्या नातवाला अजून नाक पुसता येत नाही त्याला भविष्यासाठी महागाचा, आणि जिला वाजवावंसं वाटतंय तिला खेळण्यातला! चौसष्टाव्या वर्षी बोटं आखडलेली असतात, वेळ मोजका असतो. तिला तर पहिल्या दिवसापासून खऱ्या वजनाच्या पट्ट्या पाहिजेत. मी हे त्यांच्या मुलाला जरा मोठ्यानं सांगितलं. तो 'काका, तुम्ही बसा, चहा घ्या' म्हणाला. चहा घेतला आणि पुन्हा सांगितलं.

सी-वूड्सच्या एका घरात चार वर्षांपूर्वीचा डिजिटल पियानो मिळाला, बाजूच्या पत्त्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मुलगा शिकायला परदेशी गेलेला. पंचवीस हजारांत सौदा झाला. आता बाई रोज दुपारी दोन ते चार हेडफोन लावून बसतात. कोणाला काही ऐकू येत नाही.

म्हणजे असं आम्हाला वाटत होतं. वजनाच्या पट्ट्यांचा एक गुण मी सांगायचा ठेवलाय. सूर हेडफोनात जातो, पण आपटण्याचा ठोका लाद्यांतून खाली जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार मांडली, की वर दुपारी कोणीतरी मसाला कुटतं. सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक काढलं. मी उभा राहून पियानो, हातोडी आणि क्रिस्तोफोरी यांच्याबद्दल दोन शब्द सांगितले, ते इतिवृत्तात आलेले नाहीत. शेवटी पियानोखाली जाड रबराचं जाजम घालावं असं ठरलं, आणि खर्च कोणी करायचा यावर चर्चा सुरू होणार, एवढ्यात बाईंनी हात वर केला.

"खाली ऐकू येतं म्हणता, तर एक विचारू का? डावा हात उजव्यापेक्षा जड पडतोय का हो? हेडफोनात मला कळत नाही."

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ विचारात पडले. मग म्हणाले, "हो, जरा जड पडतो. मंगळवारी बरा होता."